खिडकीतून टाकलेली नाणी

रविवार, रात्र

कादंबरी काल संपली एकदाची. चार दिवस हातातून सुटत नव्हती, आणि शेवटी मात्र नुसती चिडचिड झाली.

स्पेनची हुआना. इसाबेल आणि फर्नांडोची लेक. 1496 साली, सोळा वर्षांची असताना, जहाजात बसून फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे, गेली ती तिथल्या फिलिपशी लग्न करायला. त्याला 'देखणा' म्हणत. म्हणे, दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि ठरल्या मुहूर्तापर्यंतही थांबवेना. पाद्र्याला बोलावून तिथल्या तिथे लग्न लावून घेतलं. हा भाग फार रंगवलाय. मीही रंगून वाचला, खोटं कशाला बोलू.

मग 1497 मध्ये भाऊ गेला, पुढल्या वर्षी थोरली बहीण बाळंतपणात, 1500 मध्ये तिचं बाळही. गादीची वारस उरली हुआना. इथून पुढे ही प्रेमकथा राहिलीच नाही, असं आपलं मला वाटतं. 1504 मध्ये आई वारली. 1506 च्या जूनमध्ये एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे सासरा-जावई एक झाले आणि करार केला की हिला राज्य झेपणार नाही. सही करून बापाने गुपचूप तो करार नाकारलाही! ती वेडी ठरली की बापाचं, नवऱ्याचं आणि पुढे लेकाचं, तिघांचंही भागत होतं. सप्टेंबरात फिलिप बुर्गोसला तापाने गेला, 28 व्या वर्षी.

पुढचं दृश्य प्रादियाच्या 1877 च्या चित्रामुळे साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर आहे. उघड्या माळावर शवपेटी, वारा, धूर, काळ्या कपड्यांतली गरोदर राणी. कादंबरी तिथेच संपते. अहो, ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती! त्यानंतर 1509 पासून 1555 पर्यंत तोर्देसियासच्या वाड्यात कोंडलेली, 46 वर्षं. आधी बापाने कोंडलं, मग पोटच्या कार्लोसने तसंच ठेवलं. कागदोपत्री मरेपर्यंत राणी तीच. त्या 46 वर्षांना लेखकाने अडीच पानं दिलीत.

सकाळी मेथी निवडताना आईला हे सगळं सांगत होते. तिने पहिला प्रश्न विचारला, "पोरं कुठे होती गं तिची?"

बाकीची लांब, वेगवेगळ्या दरबारांत. धाकटी कातालिना तेवढी जवळ. बाप गेल्यावर जन्मलेली. तिच्या खोलीत जायची वाट आईच्या खोलीतूनच. 1518 मध्ये कार्लोसच्या माणसांनी भिंत फोडून पोरीला पळवलं. हुआनाने अन्न सोडलं, तेव्हा परत आणून दिली. पोरीला बाहेरचं दिसावं म्हणून भिंतीत एक खिडकी पाडली होती. खाली रस्त्यावर मुलं खेळायची. ती निघून जाऊ नयेत म्हणून पोरगी वरून नाणी टाकायची.

आईच्या हातातली काडी तशीच राहिली. "पैसे टाकून सोबती," म्हणाली.

पुढचं सांगावं की नाही, घटकाभर कळेना. 1525 मध्ये हीच कातालिना पोर्तुगालची राणी झाली. नवरा गेल्यावर, 1557 पासून, लहानग्या नातवाच्या नावाने कारभार तिने पाहिला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवून शिक्षा करणारं चर्चचं न्यायासन, आलं ते 1560 मध्ये, म्हणजे तिच्याच कारभारात. आणि आमचा देव मंगेश कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला गेला, तेही त्याच सालातलं सांगतात. लहानपणापासून दर जत्रेला ऐकलेली गोष्ट. तिचं दुसरं टोक त्या खिडकीशी निघेल, असं कुठे वाटलं होतं!

"त्याच पोरीने?" आईने विचारलं.

"तिच्या राज्यात," मी म्हटलं.

आईने निवडलेली मेथी चाळणीत भरली, नळाखाली धरली आणि पाठमोरीच म्हणाली, "तिला कुणी वेडी म्हटलं नाही ना?"

"नाही."