तुम्ही विचारलंत म्हणून: ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण, कुठं बसवायचं?

हिंगणघाटकडच्या एका गावात मी इंग्रजी शिकवते. दहावीची पोरं विचारतात, तलाठी भरतीची तयारी करणारी मोठी मुलंही विचारतात, "मॅडम, ॲडव्हर्ब ओळखाचं कसं अन् ठेवाचं कुठं?"

ओळखायचं सोपं आहे, पण आपल्याकडं ते उलटं पाठ केलेलं असतं. शेवटी 'एलवाय' दिसलं की ॲडव्हर्ब. मग 'फ्रेंडली', 'लव्हली' ही विशेषणं त्यात शिरतात आणि 'सून', 'देअर' सुटून जातात. त्यापेक्षा क्रियापदाला विचारा: कसं, कुठं, केव्हा, किती वेळा? उत्तर एका शब्दात येवो की 'इन द मॉर्निंग'सारख्या शब्दांच्या गटात, काम एकच.

'हार्ड' आणि 'हार्डली' ही जोडी मी सगळ्यात आधी शिकवते. 'माय फादर वर्क्स हार्ड' म्हणजे बाप राबतो. 'माय फादर हार्डली वर्क्स' म्हणजे बाप जवळपास कामच करत नाही. उन्हातान्हात डवरे हाणणाऱ्या माणसाबद्दल त्याच्याच लेकरानं नकळत असं लिहावं, हे मला सहन होत नाही.

आता जागेचं. 'काल मी बाजारात कापूस विकला' म्हणा की 'मी कापूस काल बाजारात विकला', मराठीत दोन्ही चालतं, कारण कोणाचं कोणाशी नातं आहे ते विभक्ती सांभाळते. इंग्रजीत ते काम शब्दांची जागा करते. म्हणून क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यात सहसा कोणी घुसायचं नाही. 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' चूक, 'शी स्पीक्स इंग्लिश वेल' बरोबर. वाक्याच्या शेवटी दोन-तीन गट आले, तर साधारण क्रम कसं, कुठं, केव्हा असा: 'दे वर्क्ड क्वाएटली इन द फील्ड येस्टरडे'. जाण्यायेण्याचं क्रियापद असेल तर ठिकाण आधी: 'वुई वेन्ट टू वर्धा बाय बस'.

पोरं खरी अडतात ती पुढं. आपण मोठ्याकडून लहानाकडं जातो: सोमवारी सकाळी दहा वाजता. इंग्रजी लहानापासून सुरू करते: 'ॲट टेन ओक्लॉक ऑन मंडे मॉर्निंग'. ठिकाणाचंही तसंच. 'वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात' याचं 'इन अ व्हिलेज इन वर्धा डिस्ट्रिक्ट' होतं. हा क्रम आपल्याला नवा नाही बरं. पाकिटावर आपण मु., पो., ता., जि. असंच तर लिहितो. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही वाक्यं बरोबर जुळवायला लागतात, आणि तो तास माझ्या फार आवडीचा असतो.

'ऑलवेज', 'नेव्हर', 'ऑफन' यांची जागा मधली. मुख्य क्रियापदाच्या आधी: 'ही ऑलवेज कम्स लेट'. 'ॲम', 'इज', 'आर' यांच्या मागून: 'ही इज ऑलवेज लेट'. सहायक क्रियापद असेल तर दोघांच्या मध्ये: 'शी हॅज नेव्हर सीन द सी'.

'केव्हा'ला मात्र पुढं यायची मोकळीक आहे. 'येस्टरडे वुई सोल्ड द कॉटन' हे वाक्य अगदी बरोबर आहे. कोणी खोडलं तर खुशाल विचारा, "काहून खोडलं?"