दुखण्याचे शब्द आणि सोलापुरी टॉवेल

वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढताना उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. त्याआधी दोन महिने हात हळूहळू आखडत चालला होता. आधी वेणी घालणं सुटलं, मग पाठीमागे हात नेऊन हूक लावणं. थंडीने असेल म्हणून मी शेक घेत राहिले.

इथे जर्मनीत, स्टुटगार्टला हाडांच्या डॉक्टरांनी हात धरून बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला आणि फ्रोझन शोल्डर असल्याचं सांगितलं. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे जास्त दिसतं आणि मधुमेह असणाऱ्यांत तर फारच. म्हणून त्यांनी शुगरही तपासायला लावली. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल आणि खांदा आखडू लागला असेल, तर माझ्यासारखे दोन महिने घालवू नका.

सरकारी विम्यावर फिजिओथेरपी हवी असेल तर इथे डॉक्टरांची चिठ्ठी, म्हणजे रेझेप्ट, लागतेच. चिठ्ठी मिळाल्यापासून 28 दिवसांच्या आत उपचार सुरू झाले पाहिजेत, नाहीतर ती बाद होते आणि वेळ मिळायलाच कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे चिठ्ठी हातात पडली त्याच दुपारी फोन करायला बसले. चौथ्या ठिकाणी तारीख मिळाली, तीही चोविसाव्या दिवसाची. वेळ ठरवतानाच सांगितलं की मला बाई थेरपिस्ट हवी. हे मागायला संकोच करू नये, ते सहज लिहून घेतात. खर्चापैकी दहा टक्के आणि प्रत्येक चिठ्ठीमागे 10 युरो आपण भरायचे, बाकीचं विमा कंपनी बघते. ऐनवेळी जायचं रद्द केलं तर मात्र बहुतेक ठिकाणी पैसे लावतात. साधारणपणे 24 तास आधी कळवायचं असतं.

माझी चिठ्ठी ‘ब्लांको’ होती. नोव्हेंबर 2024 पासून खांद्याच्या दुखण्यांसाठी ही सोय झाली आहे. डॉक्टर फक्त निदान लिहितात, कोणते उपचार आणि किती वेळा हे थेरपिस्ट ठरवते. म्हणजे पहिल्या भेटीत ती मला काय विचारणार आणि मी काय सांगणार, यावर पुढचं सगळं अवलंबून. आणि माझं जर्मन ऑफिसातलं. दुखण्याचं जर्मन मला येतच नव्हतं.

त्या रात्री आईशी बोलत होते. ती म्हणाली, “अगं, नुसतं दुखतंय काय म्हणतेस? ठणकतंय, की चमक येते? रात्री जास्त की दिवसा? हात खाली सोडला की बरं वाटतं का?” मी वही ओढली आणि तिचे प्रश्न एकाखाली एक उतरवून घेतले. मग प्रत्येकासमोर जर्मन शब्द शोधत बसले. चमक म्हणजे श्टेशेन्ड. ठणका म्हणजे पोखेन्ड. आत मुरलेलं, मंद दुखणं ते डुम्फ. ओढल्यासारखं होतं त्याला त्सीहेन्ड, म्हणजे शब्दशः ओढणारं. आणि मुंग्या येतात त्याला जर्मनमध्ये आमाइझेनलाउफेन म्हणतात. आमाइझे म्हणजे मुंगी! त्यांच्या अंगातूनही मुंग्याच चालतात हे वाचून मला एकदम बरं वाटलं, कारण तेवढा एक तरी शब्द मला पाठ करावा लागणार नव्हता.

मग तीन दिवस नोंद ठेवली. पहाटे तीनला जाग आली, दुखणं दहापैकी सात. गरम पाण्यानंतर चार. उजव्या कुशीवर झोपलं की बोटांना मुंग्या. कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही लिहिलं. आणि शेवटी, मला काय जमायला हवंय: वेणी, हूक, पोह्यांचा डबा. ‘खांदा बरा व्हावा’ हे खरं असलं तरी त्यावरून थेरपिस्टला काय करायचं ते कळत नाही. डब्याची फळी किती उंच आहे ते मात्र मोजता येतं.

कपड्यांचं म्हणाल तर खांदा उघडा लागतो. इथे अंतर्वस्त्रांवर तपासणं अगदी सर्रास चालतं. मी आत बिनबाह्यांचा बनियन आणि वर पुढून बटणांचा शर्ट घातला, म्हणजे हात वर न नेता काढता येतो. आणि बाकावर अंथरायला मोठा टॉवेल बहुतेक ठिकाणी आपलाच न्यायचा असतो. आईने येताना दिलेला सोलापुरी टॉवेल पिशवीत टाकला. सोबत विम्याचं कार्ड, चिठ्ठी, एक्सरेचा अहवाल आणि वही.

व्यायामाची एक भेट एरवी 15 ते 25 मिनिटांची असते. त्यातली दहा शब्द शोधण्यात गेली तर खांद्याच्या वाट्याला काय उरणार? मी वही समोर ठेवून वाचत गेले. मुंग्यांचं ऐकून थेरपिस्टने थांबवलं आणि आधी मानेची तपासणी केली, कारण मुंग्यांचं मूळ मानेतल्या नसेत असू शकतं. मान ठीक निघाली. मग कोनमापकाने हात मोजला: समोरून वर 95 अंश, बाहेरच्या बाजूला जेमतेम 10. माझ्या यादीतल्या ‘डबा’ या शब्दापुढे तिने फळीची उंची लिहून घेतली आणि चिठ्ठीच्या मागे पहिल्या भेटीची सही घेतली.

घरी येऊन आईला फोन लावला. “मान बघितली ना?” तिचा पहिला प्रश्न.