छातीचे माप आणि खांद्याचे हाड

टोरांटोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आइस हॉकीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मी कामाला आहे. ऑगस्ट संपत आला की संघनिवडीच्या चाचण्या सुरू होतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. बंदिस्त रिंकमुळे हा खेळ आता बाराही महिने चालतो, तरी वर्षभराची खरेदी लोक याच तीन-चार आठवड्यांत उरकतात. विक्रेत्यांमध्ये मी एकटीच बाई असल्याने शोल्डर पॅड, म्हणजे खांद्यांसोबत छाती आणि पाठही झाकणारे कवच, घ्यायला आलेली प्रत्येक स्त्री माझ्याकडे पाठवली जाते. हा शिरस्ता कोणी ठरवलेला नाही. मापाची फीत घेऊन एखाद्या बाईच्या छातीजवळ जायची वेळ आली की माझ्या सहकाऱ्यांना स्केटला धार लावण्याचे काम आठवते, इतकेच.

त्या शनिवारी आलेल्या बाई चाळिशीच्या, पाच फूट दहा इंच उंच आणि भरल्या अंगाच्या होत्या. पेशाने त्या परिचारिका, आणि आठवड्यातून एकदा रात्रीच्या महिला लीगमध्ये बचावफळीत खेळत. गेल्या हंगामात पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, मागे धावताना तोल जाऊन त्या उजव्या खांद्यावर रिंकभोवतीच्या कठड्याला आदळल्या होत्या आणि कॉलरबोन खांद्याच्या टोकाला जिथे जोडलेले असते, तिथला सांधा दुखावला होता. काही आठवडे हात झोळीत, मग फिजिओथेरपी, आणि आता डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर नवे पॅड. त्यांची मागणी स्पष्ट होती : जुन्यापेक्षा मोठे आणि जाड काहीतरी द्या.

माझ्या सांगण्यावरून त्या आपली सगळी पिशवी घेऊन आल्या होत्या, आणि हे मी प्रत्येकीला फोनवरच सांगते. कोपराचे पॅड आणि पँट सोबत नसेल तर शोल्डर पॅडचे माप ठरवताच येत नाही, कारण दंडावरची ढाल खाली कोपराच्या पॅडला जेमतेम भेटली पाहिजे आणि पोटा-पाठीचा भाग पँटच्या वरच्या कडेवर किंचित चढला पाहिजे. दुसरी सूचना देताना फोनवर पलीकडे थोडी शांतता पसरते : खेळताना जी स्पोर्ट्स ब्रा घालता, तीच घालून या. घट्ट आवळणाऱ्या आणि सैल ब्रामध्ये छातीचा घेर सहज इंचभराने बदलतो आणि तक्त्यावर तेवढ्याने एक साइझ पुढेमागे होते.

मी आधी त्यांना जुनेच पॅड चढवायला लावले. ते पुरुषांचे सीनियर, म्हणजे प्रौढांच्या मापातले, लार्ज होते, दुसऱ्या एका दुकानातून तक्ता पाहून घेतलेले. छातीवरची पुढची ढाल त्यांच्या स्तनांवर टेकून पुढे झुकली होती. छातीच्या मधल्या हाडावर जी ढाल चपखल बसायला हवी, तिच्या आणि हाडाच्या मध्ये माझा अख्खा तळवा आडवा गेला. पुढचा भाग असा उचलला गेला की गळ्याची कड वर सरकते, म्हणून मान खाली घातली की हनुवटी तिच्यावर आपटत होती. ती टोचू नये यासाठी त्यांनी बगलेखालचे पट्टे सैल सोडले होते, आणि पट्टे सैल सोडताच खांद्यावरच्या टोप्या बाहेर आणि पुढे कलंडल्या होत्या. मी बोटाने चाचपत त्यांच्या खांद्याचे हाडाचे टोक शोधले. ज्या टोपीच्या बरोबर मध्यावर ते यायला हवे, ती टोपी दोन बोटे पलीकडे दंडावर लोंबत होती आणि हाडाचे टोक आले होते टोपी व गळ्याची कड यांच्या मधल्या सांध्याखाली, जिथे कापड आणि पातळ फोम यांखेरीज काही नव्हते. मी तिथे हलकेच दाबले तेव्हा त्यांनी श्वास आत घेतला. दुखावलेली जागा तीच होती.

आमच्या भिंतीवर जो साइझचा तक्ता लावलेला आहे, त्यात मोठ्या माणसांसाठी दोनच रकाने आहेत : उंची आणि छातीचा घेर. घेर काखेखालून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून घ्यायचा. पुरुषाच्या बाबतीत हा घेर बहुतेक वेळा पाठीच्या आणि खांद्यांच्या रुंदीसोबत वाढतो, त्यामुळे एक आकडा कळला की बाकीचे साधारण जमून जाते. या बाईंचा घेर 42 इंच भरला, स्तनांच्या खालून घेतला तर 36, आणि खांद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवरून 15 इंचांहून थोडे कमी. तक्ता फक्त पहिला आकडा विचारतो आणि लार्ज सांगतो. त्यांच्या हाडांचा सांगाडा स्मॉल आणि मीडियमच्या सीमेवर होता.

इचलकरंजीत माझी आई ब्लाउज शिवत असे. खांदा, वरची छाती, छाती, खालची छाती, मुंढा आणि पाठीची उंची ही मापे वेगवेगळी लिहून घेतल्याशिवाय तिने कापडाला कात्री लावलेली मी पाहिली नाही, आणि छाती भरली म्हणून खांदा वाढवायचा असतो असे तिच्याकडे शिकायला येणाऱ्या एखाद्या मुलीने म्हटले असते, तर तिला त्या दिवशी काजे-बटणांवर बसवले गेले असते. वाढीव घेर टक्समध्ये किंवा कटोरीत सामावायचा, खांद्याला हात लावायचा नाही, हे गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असलेले ज्ञान इतक्या पैशांच्या या साहित्याच्या तक्त्यापर्यंत पोहोचलेले नाही, याचा मला अजूनही राग येतो.

आम्ही हे सगळे करत असताना माझा एक सहकारी मागून जाता जाता म्हणाला, ‘‘बायकांच्या हॉकीत हिटिंग नसतेच, इतके काय बघायचे?’’ तो बाईंना हसून म्हणाला, मदत केल्याच्या सुरात. मुलगा वाईट नाही, स्केटच्या पात्याला त्याच्यासारखी धार आमच्यात कोणी लावत नाही, पण या विषयातले त्याचे ज्ञान कानावर आलेल्या एका वाक्याएवढे आहे. 1990 साली ओटावाला महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा अंगावर धडक देण्यास मुभा होती. ती त्यानंतर काढली गेली आणि 1998 मध्ये नागानोला महिला हॉकी ऑलिम्पिकमध्ये आली ती त्याच नियमानिशी. 2024 पासून खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक महिला लीगने पुन्हा कठड्यालगतच्या शारीरिक झुंजीला बरीच मोकळीक दिली आहे. पण ते सारे राहू द्या. या बाईंना कोणी धडक दिलेली नव्हती. कठड्याला आणि बर्फाला नियम लागू होत नाहीत, आणि रात्रीच्या लीगमध्ये थांबण्याचे तंत्र पुरते न जमलेल्या खेळाडूच अधिक असतात.

शिवाय या देशात महिला हॉकीत हेल्मेटवर आणि चेहऱ्याच्या जाळीवर सीएसए या मानक संस्थेचा, तर घसा झाकणाऱ्या वेगळ्या गळ्याच्या पट्टीवर बीएनक्यू या क्यूबेकमधील मानक संस्थेचा शिक्का लागतो. शोल्डर पॅडला असला कोणताही शिक्का लागत नाही. त्यामुळे ते बरोबर बसले आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी दुकानात उभ्या असलेल्या माणसावर येऊन पडते, आणि तो माणूस ते पाहतो की नाही, हे पाहणारे कोणी नाही.

स्त्रियांसाठी बनवलेले पॅड आमच्याकडे आहेत. लहान मुलांच्या मालामागे, सर्वांत खालच्या खुंटीवर. त्यांची पुढची ढाल वाकवून छातीसाठी जागा केलेली असते, खांदे अरुंद असतात आणि धड कंबरेकडे निमुळते होत जाते. ज्यांचा बांधा मध्यम आहे अशा कितीतरी जणींना मी ते घालून दिले आहे आणि पहिल्यांदा हात वर करताच त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसते, ते या नोकरीतले मोठे सुख आहे. या बाईंना त्यातले मीडियम चढवले. खांद्याच्या टोप्या जागच्या जागी बसल्या, छातीची ढाल हाडाला टेकली, आणि मी मनात हुश्श म्हणणार तोच त्या काठी धरून खेळण्याच्या पवित्र्यात वाकल्या. पाठीमागे पॅड आणि पँट यांच्यामध्ये चांगली चार बोटे जागा उघडी पडली, बरोबर मूत्रपिंडांवर. हे पॅड करणाऱ्यांनी खांदा अरुंद करताना धडही आखूड केले होते. बाई म्हणजे बुटकी असा त्यांचा हिशेब असावा. लार्जमध्ये लांबी मिळाली असती, पण लार्ज आम्ही ठेवत नाही. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे ते खपत नाही. जे खुंटीवर कधी टांगलेच नाही त्याच्या खपाचा अंदाज त्यांनी कशावरून बांधला, हे मी एकदा विचारून पाहिले आहे.

मग मी पुरुषांच्या सीनियर मीडियममधले असे पॅड काढले, ज्याची पुढची ढाल मधोमध दुभागलेली असते आणि दोन्ही भाग आपापले हलतात. खांदा जमला, लांबी जमली, दुभागलेल्या ढालीमुळे छातीलाही जागा मिळाली. फक्त बगलेखालचे इलॅस्टिक पट्टे घेराला पुरेनात आणि मुंढ्यात किंचित दाटले. हातमोज्यांचे फाटलेले तळवे शिवायला आमच्या दुरुस्तीच्या बाकावर एक दणकट मशीन आहे. मोडीत काढलेल्या एका मोठ्या पॅडचे रुंद पट्टे उसवून मी ते या पॅडवर चढवले, आणि त्यांची जागा मूळ जागेपेक्षा थोडी खाली घेतली, म्हणजे ओढ स्तनांवर न येता त्यांच्या खालच्या 36 इंचांच्या घेरावर यावी. टाके दुहेरी घातले. मालकांनी तेवढ्यात येऊन आठवण करून दिली की कारखान्याच्या मालात फेरफार केल्यास त्याची हमी संपते. बाईंनी तशा कागदावर सही केली.

त्यानंतर नेहमीची तपासणी : दोन्ही हात डोक्यावर, मग स्वतःलाच मिठी मारल्यासारखे आडवे, मग एका हाताने काठी लांबवून पक हिसकावण्याची झेप, मग मान वळवून खांद्यावरून मागे पाहणे. टोपी प्रत्येक वेळी हाडाच्या टोकावरच राहिली. हात पुरता वर नेताना मुंढा थोडा काचत होता; दोन-चार सरावांत फोम मऊ होतो, असे मी सांगितले आणि ते खरे आहे.

निघताना त्यांनी विचारले, ‘‘हे असे पॅड गेल्या वर्षी असते, तर माझा खांदा वाचला असता का?’’ थेट खांद्यावर पडलेल्या माणसाचा तो सांधा उत्तम पॅडमध्येही दुखावू शकतो, हे मला ठाऊक आहे आणि मी तेच सांगितले. पण माझ्या बोटांखाली तो कापडी सांधा आला होता, त्याच जागी, आणि त्यामुळे माझे उत्तर बरोबर असूनही मला अपुरे वाटत राहते. त्या परिचारिका आहेत. माझ्या उत्तरातली पळवाट त्यांना कळली असणार. त्या फक्त ‘‘ठीक आहे’’ म्हणाल्या.

नोव्हेंबरमध्ये त्या स्केटला धार लावायला आल्या. मध्यंतरी एकदा जोरात पडल्या होत्या, पण डाव्या बाजूला आणि कुल्ल्यावर, म्हणजे माझ्या टाक्यांची परीक्षा झालीच नव्हती. पट्टे मात्र जागच्या जागी होते. तक्रार वेगळीच निघाली : पुढची ढाल आता अंगालगत बसत असल्याने तिच्याखाली सरकवलेली गळ्याच्या पट्टीची झालर गोळा होऊन वर येते आणि पट्टी घशाला टोचते. आतल्या सदऱ्यालाच जोडलेली गळ्याची पट्टी मिळते, ती मी त्यांना दाखवली. तिची मापेही छातीच्या घेरावरच दिलेली होती.