'काय' म्हणजे कोंबडी: चियांग माईतले तीन वर्ग

थाई भाषेत 'काय' म्हणजे कोंबडी आणि 'खाय' म्हणजे अंडं. हे आम्हांला भाषेच्या पहिल्या तासाला कळलं, पण तोवर उशीर झाला होता. आदल्या संध्याकाळी माझ्या नणंदेनं चियांग माईच्या बाजारात एका गाडीवर जाऊन, जन्मभराच्या शाकाहारी माणसाच्या निरागसपणे, "काय? काय हे?" असं विचारलं होतं. गाडीवालीनं हसून मान डोलावली आणि भाजलेल्या कोंबडीच्या दोन काड्या हातात ठेवल्या. पैसे द्यावेच लागले. काड्या मी खाल्ल्या.

वन्सं निवृत्त संस्कृत शिक्षिका, वय ६४, गुडघे कुरकुरणारे. मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, मासे खाणारी. उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला जाऊन भाषा, स्वयंपाक आणि मसाज असे तीन वर्ग करायचे, असा बेत. २०२४ ची भाऊबीज आटोपली, दुसऱ्या रात्री मुंबईहून बँकॉकचं विमान धरलं. चार-साडेचार तासांचा प्रवास, घड्याळ दीड तास पुढे. पोहोचलो त्याच संध्याकाळी बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवत स्थानकातून रात्रीची गाडी, सकाळी चियांग माई. लक्षात ठेवा, उत्तरेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून या नव्या स्थानकातून सुटतात. जुन्या पुस्तकांत हुआ लाम्फोंग हे जुनं स्थानक लिहिलेलं असतं, तिकडे टॅक्सी नेऊ नका.

चियांग माईच का? बँकॉकपेक्षा गाव आटोपशीर. १२९६ साली राजा मंगरायनं वसवलेलं जुनं शहर चौकोनी आहे आणि भोवती पाण्याचा खंदक. खंदकाच्या आत खोली घेतली की तिन्ही वर्ग पायी किंवा लाल सोंगथेवनं गाठता येतात. सोंगथेव म्हणजे मागे दोन बाकं टाकलेली गाडी, आपली वडापच. गावातल्या गावात आम्ही माणशी ३० बाट देत होतो (बाट तेव्हा अडीच रुपयांच्या आसपास). ऑक्टोबरमध्ये पिंग नदीला मोठा पूर येऊन गेला होता. नदीकाठच्या दुकानांच्या भिंतींवर चिखलाची रेघ अजून दिसत होती, आणि दुकानं चालू होती.

आता मुद्द्याचं. तीन वर्ग करायचे असतील तर भाषा आधी करा. बरेच जण एक दिवस स्वयंपाक, पाच दिवस मसाज आणि वेळ उरला तर भाषा असं ठरवतात. हे उलटं आहे. आमच्या मसाजच्या वर्गात एक जोडपं होतं, त्यांना 'दुखतंय', 'हळू' आणि 'पुरे' एवढंही थाईत म्हणता येत नव्हतं. गुरुजींचं इंग्रजी तेवढ्यास तेवढं. ती दोघं पाचही दिवस खाणाखुणांवर जगली.

आमचा भाषेचा वर्ग दहा दिवसांचा, रोज सकाळी दोन तास, पाच विद्यार्थी, माणशी ३,५०० बाट. नाव घालण्यापूर्वी एक तास बसू द्या म्हणून विचारा, चांगले वर्ग नाही म्हणत नाहीत. आम्ही आधी जिथे चौकशी केली तिथे एका खोलीत चौदा जण होते आणि सगळे एका सुरात म्हणत होते. ज्या भाषेत सुरावर अर्थ बदलतो ती एका सुरात कशी शिकणार? आम्ही उठून आलो.

मराठी माणसाला थाईत काय सोपं जातं आणि काय अवघड, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. सोपं जातं ते क-ख, त-थ, प-फ. आमच्याबरोबरच्या जर्मन मुलाला 'काय' आणि 'खाय' यांतला फरक ऐकूच येत नव्हता. वन्संनी त्याला तोंडासमोर कागद धरायला लावला: ख म्हटल्यावर कागद हलतो, क म्हटल्यावर हलत नाही. शिक्षिकेनं ती युक्ती पुढे आपलीशी केली.

अवघड जातात ते सूर. पाच आहेत: मधला, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. 'क्लाय' उतरत्या सुरात म्हटलं तर जवळ आणि मधल्या सुरात म्हटलं तर लांब! आपली खोड अशी की प्रश्न विचारताना शेवटचा शब्द वर न्यायचा. तो वर नेला की शब्दच बदलतो. प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'माय' लावायचं, बाकीचे शब्द आपापल्या सुरात जसेच्या तसे. यावर शिक्षिकेचा उपाय म्हणजे हातानं हवेत सूर काढत बोलायचं. बाजारात दोन बायका हातवारे करत भाजी घेताना विचित्र दिसतात, पण भाजी हवी तीच मिळते.

वन्संना मात्र वेगळंच घबाड सापडलं. वार! रविवार 'वान आथित', म्हणजे आदित्य, आपला आयतवार. मंगळवार 'वान अंखान', आपली अंगारकी आठवा. बुधवार 'वान फुत', शुक्रवार 'वान सुक'. भाषा ती 'फासा', आहार तो 'आहान', नगर ते 'नखॉन', देश तो 'थेत'. दोन दिवसांत त्यांनी नियम मांडला: आपला ग तिथे ख होतो, द चा थ होतो, ब आणि भ चा फ. एकदा ही किल्ली हाती आली की पाट्या आणि गावांची नावं आपोआप उलगडतात. लिपीही ओळखीच्या वळणाची आहे. ४४ व्यंजनं, त्यांतली दोन आता वापरात नाहीत, आणि क्रम क-वर्ग, च-वर्ग असाच. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे वाचताना दम लागतो. दहा दिवसांत वाचता येईल अशी आशा धरू नका. अक्षरं ओळखता आली तरी पुष्कळ.

शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट पाठ करून जा. 'चे' म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की ते 'चे'चं दुकान. आपल्याकडच्या जैन मंडळींना याहून सोयीचं काय! 'मंगसविरत' म्हणजे नुसता शाकाहार, अंडं चालतं. शब्द ऐकताच वन्सं म्हणाल्या, "अगं, हे तर मांसविरती!" तरी दुकानात 'माय साय नाम प्ला', फिश सॉस घालू नका, हे वेगळं सांगावं लागतं. 'चे'च्या पाटीखेरीजच्या दुकानात ते गृहीत धरू नका.

स्वयंपाकाचा वर्ग १३ नोव्हेंबरला, संध्याकाळचा, १,००० बाट. तुळशीच्या लग्नाचे दिवस. बाजारात शिक्षिकेनं तीन प्रकारची पानं हातात दिली: होराफा, मेंगलक आणि कफ्राव. तिसरं पान वन्संनी चुरडून नाकाला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. तुळस. दिसायला सारखी वगैरे नव्हे, आपल्या वृंदावनातली तीच जात. तासाभरानं शेजारच्या शेगडीवर लसूण आणि मिरचीच्या फोडणीत चिकनचा खिमा पडला आणि त्यावर मूठभर तुळशीची पानं. घरी आम्ही ती रविवारी तोडतसुद्धा नाही. वन्सं काही बोलल्या नाहीत. स्वतःच्या कढईत टोफू होता, त्यात त्यांनी होराफा घातला. मी कफ्रावच घातला. फार चांगला लागतो, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

वर्ग निवडताना विचारायचं ते एवढंच: प्रत्येकाला वेगळी शेगडी आहे का, आणि वाटण स्वतः करायचं का. काही ठिकाणी वाटण तयार असतं, तुम्ही फक्त कढईत ढवळता, आणि शेवटी फोटो. वाटण हाच तर धडा. दगडी खलात सुकी मिरची, गवती चहाचा खालचा पांढरा दांडा, खा म्हणजे आपलं कुळिंजन, मकरुत लिंबाची साल, लसूण, छोटे कांदे. आधी कोरडं आणि चिवट, मग ओलं. पाट्यावर वाटलेल्या हाताला हे नवीन नाही. आमचं वाटण सगळ्यांच्या आधी झालं आणि त्याचा मला थोडा गर्व झाला, तो सोमतामनं, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीनं, उतरवला. सोमताम मातीच्या खोल खलात लाकडी मुसळानं करतात. मी ठेचा करावा तशी हाणत सुटले, पपईचा लगदा झाला. तिथे एका हातानं हलकं कांडायचं आणि दुसऱ्या हातातल्या चमच्यानं खालचं वर करत राहायचं.

वाटणात कपी घालतात, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोलंबी मीठ लावून आंबवून केलेला गोळा. कोकणातल्या माणसाला वास ओळखीचा वाटेल. शाकाहाऱ्यांनी वर्गाचं नाव घालतानाच कपीविना वाटण हवं म्हणून सांगावं, कारण विकतच्या तयार लाल-हिरव्या वाटणातही ती बहुधा असते. पुढे नारळाच्या घट्ट दुधात वाटण परतायचं. शिक्षिका म्हणाली, 'तेक मन' होईपर्यंत. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "तेल सुटेपर्यंत!"

चूक एक झाली. संध्याकाळचा वर्ग घेतला. बाजारातला ताजा माल सकाळी असतो आणि सकाळच्या वर्गात वेळही जास्त मिळतो. शिवाय पाच पदार्थ रात्री नऊपर्यंत खाऊन झोप कुठली. दुपारी जेवू नका एवढं तरी करा. त्याच आठवड्यात लोय क्राथोंग होता, १५ नोव्हेंबरला, म्हणजे आपली त्रिपुरारी पौर्णिमा. केळीच्या सोपटावर दिवा ठेवून नदीत सोडतात. सुंदर, पण त्या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात आणि आकाशकंदिलांमुळे काही विमानंही रद्द होतात, तेव्हा येण्याजाण्याचा दिवस तो ठेवू नका.

मसाज शेवटी ठेवला. पाच दिवस, रोज सहा तास, ६,५०० बाट. वन्संनी गुडघ्यांमुळे नाव घातलं नाही आणि ते बरोबर केलं. सगळं काम जमिनीवरच्या गादीवर, गुडघ्यांवर चालतं. गुडघे दुखत असतील तर हा कोर्स तुमचा नाही, पायांच्या मसाजचा एक-दोन दिवसांचा वर्ग घ्या, तो बसून शिकतात.

सकाळी सुरुवात प्रार्थनेनं. "ओम नमो चीवको..." हा चीवको म्हणजे जीवक, बुद्धाच्या काळचा, बिंबिसार राजाचा वैद्य. पाली श्लोकात 'ओसथ' आणि 'सुरिया' ऐकू आलं आणि मला वन्संची उणीव भासली. शरीरात दहा मुख्य 'सेन', म्हणजे नाड्या, मानतात, पहिल्या दोघींची नावं इत्था आणि पिंगखला. योगाच्या वर्गाला जाणाऱ्यांना इडा-पिंगला लगेच कळतील.

तेल नाही, अंगावर सैल कपडे, सुरुवात पायांपासून. मला वाटत होतं, दोन बाळांना न्हाऊ-माखू घातलंय, मालीश येतंच. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठे सुजले. गुरुजींनी माझा हात धरून कोपर सरळ केलं आणि मागून हलकेच पुढे ढकललं. अंगठा दाबत नाही, अंगाचा भार दाबतो. हात खांबासारखा सरळ ठेवायचा आणि कमरेतून झुकायचं, बस. हे कळायला तीन दिवस गेले, कारण माझे हात आधीच शहाणे होते. शेजारची मुलगी आयुष्यात पहिल्यांदा मसाज करत होती, तिला पहिल्याच दिवशी जमलं.

विद्यार्थी एकमेकांवरच सराव करतात, म्हणजे अर्धा वेळ तुम्ही पालथे पडलेले असता. नखं कापून जा, जास्तीचा सदरा न्या, दुपारी हलकं खा. परक्या पुरुषाबरोबर जोडी नको असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, कुणी वाईट मानत नाही. गरोदरपण, रक्तदाब, पायांवरच्या फुगलेल्या शिरा असं काही असलं तर आधी सांगा. कोर्सच्या आदल्या आठवड्यात दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मसाज करून घ्या, तासाला २५०–३०० बाट पडतात, त्यानं पाठ निम्मा समजतो.

प्रमाणपत्र मिळतं, झकास सोनेरी किनारीचं. त्यावर भाळू नका. थायलंडमध्ये व्यवसायाला १५० तासांचं शिक्षण लागतं, आणि थाई मसाजचं काम तिथे परदेशी माणसाला करताच येत नाही. नुआद थाईला, म्हणजे थाई मसाजला, युनेस्कोच्या यादीत २०१९ साली जागा मिळाल्यापासून वर्ग वाढलेत, दर्जा सगळीकडे सारखा नाही. बँकॉकला परतताना तिथल्या वाट फो मंदिरात जरूर जा. तिथे शिलालेख आहेत आणि अंग ताणून बसलेल्या ऋषींचे पुतळे. थाईतही ते 'रुसी'च. एका पुतळ्यापुढे वन्सं म्हणाल्या, "याचे गुडघे बघ, माझ्यासारखेच वाकत नाहीयेत."

आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना ६० दिवस व्हिसा लागत नव्हता. हे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या साइटवर बघा. १ मे २०२५ पासून प्रवेशाचं डिजिटल कार्ड पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईला जाऊ नका, शेतं आणि रानं जाळल्याचा धूर भरलेला असतो. आणि रात्रीच्या गाडीचं खालचं बर्थ लवकर काढून ठेवा. परतीला आम्हांला दोन्ही वरची मिळाली, आणि शिडी चढताना वन्संनी जे काही म्हटलं ते शुद्ध मराठीत होतं.