उद्याच्या लाइव्हची तयारी

उद्या सकाळी ११ वाजता आईबरोबर फेसबुक लाइव्ह. ती जात्यावरच्या ओव्या म्हणणार आहे, आजीकडून तिला आलेल्या. आज दिवसभर तयारीच चालली होती. आधी तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं, तर चेहराच दिसेना. मग जातं उचलून उजेडासमोर आणलं. फोन स्टँडवर आडवा, बॅटरी पूर्ण, एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय चालू. ‘फक्त मी’ हे सेटिंग ठेवून १० मिनिटांची चाचणी घेतली. जात्याच्या घरघरीत शब्द बुडत होते, म्हणून कॉलर माइक लावला. (हा आधीच घ्यायला हवा होता.) तिसऱ्या ओवीला आई थांबली. माहेर आठवलं तिला. मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. उद्याही ती थांबली तर थोडं थांबा आमच्यासाठी.