नॅनोकणापेक्षा त्यावरचे पॉलिमर महत्त्वाचे

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात नॅनोकण (नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजले जाणारे कण) तयार करणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. चहाच्या टपरीवरही आम्हा संशोधक विद्यार्थ्यांची चर्चा ‘कण किती नॅनोमीटरचे आले’ इथूनच सुरू होते. वैद्यकीय उपयोगाच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कणावर कोणते पॉलिमर (लहान घटक साखळीसारखे जोडून बनलेला लांब रेणू) चढवले आहे आणि त्यामुळे तो रक्तात सुटा राहतो का, हे आधी पाहायला हवे.

मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचेच घ्या. लोहाच्या फेरस आणि फेरिक क्षारांच्या १:२ प्रमाणातील पिवळसर द्रावणात ढवळता ढवळता अमोनिया सोडला की ते पाहता पाहता काळेकुट्ट होते, आणि बीकरला बाहेरून चुंबक लावला की सारा गाळ त्या बाजूला सरकतो. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी कंटाळा येत नाही. परंतु हेच उघडे कण सलाइनमध्ये (रक्ताइतक्या खारट पाण्यात) टाकले की क्षारांच्या आयनांमुळे त्यांच्या पृष्ठभागावरील प्रभाराचा परिणाम झाकला जातो, एकमेकांना दूर ठेवणारे बल उरत नाही आणि गुठळ्या तळाला बसतात. प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) चुंबकीय क्षेत्रात कण तापवून कर्करोगाची गाठ ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्याच्या उपचारात अशा गुठळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

म्हणूनच कणावर पॉलिमरचे आवरण हवे. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन हे पॉलिमर स्वस्त आणि जैवविघटनशील असल्यामुळे आपल्याकडे सर्रास वापरले जाते. मात्र ते आम्लधर्मी द्रावणात विरघळते, आणि रक्ताचा सामू (पीएच) ७.४ च्या आसपास असल्याने तिथे त्याचा धनप्रभार बहुतांशी नाहीसा होतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल पाण्याचे रेणू धरून ठेवते, त्यामुळे प्रथिने कणाला सहजी चिकटत नाहीत आणि यकृत व प्लीहेतील भक्षक पेशींना तो उशिरा सापडतो. अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळालेले डॉक्सिल हे कर्करोगावरील औषध याच युक्तीवर आधारलेले आहे. अर्थात काही रुग्णांच्या शरीरात या पॉलिमरविरुद्धही प्रतिपिंडे आढळतात. पीएलजीए हे तिसरे पॉलिमर पाण्याने हळूहळू तुटून लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ले देते, ज्यांची विल्हेवाट शरीर स्वतःच लावते. (पीएलजीएसाठी लागणारे लॅक्टिक आम्ल साखर आंबवून मिळते, उसाच्या या जिल्ह्यात त्याचा विचार व्हायला हरकत नाही.)

नव्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की कणांचा आकार शुद्ध पाण्यात मोजून थांबू नये; तो सलाइनमध्ये आणि सीरममध्येही (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) मोजावा, २४ तासांनी पुन्हा मोजावा, आणि आकडा वाढलेला दिसला तर तोही प्रबंधात छापावा.