भाडं कुणी कुणाला द्यायचं?

मुंबईत मी एकदाच प्रदर्शनात भाग घेतला होता. आम्ही पाच जणींनी मिळून एका गॅलरीचं आठवड्याचं भाडं भरलं. फ्रेमा, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा, सगळं वर्गणीतून. मंगळवारी चित्रं टांगली, सोमवारी उतरवली. माझं एक छोटं चित्र गेलं, तेही मावशीने घेतलं. प्रदर्शन म्हणजे आपण पैसे घालायचे, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं होतं.

टोरांटोला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात ४०१ रिचमंड स्ट्रीटच्या इमारतीत जायला लागले. ही एके काळी पत्र्याचे डबे बनवणारी फॅक्टरी. लाकडी जमिनी चालताना करकरतात आणि आत शिरलं की थंडीपासून सुटका, माझं खरं कारण हेच होतं. तिथे ए स्पेस, गॅलरी ४४ अशा गॅलऱ्या आहेत, ज्यांना इथे ‘आर्टिस्ट-रन सेंटर’ म्हणतात. संचालक मंडळावर बहुतेक चित्रकारच, दलाली नाही, विक्री हा हेतूच नाही. सॅव्हॅक ही दक्षिण आशियाई कलाकारांची १९९३ पासूनची संस्था तर स्वतःची गॅलरी न ठेवता दुसऱ्यांच्या जागेत प्रदर्शनं भरवते. बिऱ्हाड पाठीवर!

चित्रकार आणि कलाप्रेमींनी एकत्र येऊन संस्था काढणं आपल्याकडे नवं नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी घराजवळच्या अशाच एका लहान सेंटरची सभासद झाले आणि शनिवारी दुपारी तिथे बसायला लागले. काम काय, तर आलेल्यांना नमस्कार करायचा, प्रोजेक्टर बंद पडला की चालू करायचा आणि किती माणसं आली ते मोजायचं. बर्फाच्या दिवशी चार.

तिथे बसून बसून धीर आला आणि मी अर्ज केला. दहा फोटो, दोन पानांचा प्रस्ताव आणि ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’, म्हणजे आपल्या कामाबद्दल आपणच लिहिलेलं निवेदन.

माझं काम असं: २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा चढली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहिली, जमिनीपासून सात फूट दोन इंचांवर. मी त्या रेघेवर हातकागद धरला आणि वरून ग्रॅफाइट घासलं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो ना, तसंच. भिंतीचे पोपडे, भेगा, एक जुना खिळा, सगळं उमटलं. असे चौदा कागद.

स्टेटमेंटमध्ये मात्र मी स्मृती, विस्थापन, अवकाश असले शब्द घातले होते. अर्ज नाकारला गेला. इथली एक चांगली पद्धत म्हणजे मागितलं तर परीक्षक चित्रकारांची टिपणं मिळतात. एकाने लिहिलं होतं, ‘हे काम भिंतीवर कसं दिसेल ते कळलं नाही.’ दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी माझंच स्टेटमेंट पुन्हा वाचलं आणि मलाही कळलं नाही. पुढच्या वर्षी मी फक्त रेघ किती उंचीवर होती आणि कागद कसा घासला तेवढं लिहिलं. ते घेतलं गेलं.

मग करार आला. सहा पानं. मी भाड्याचा आकडा शोधत होते. तिसऱ्या पानावर ‘फी’ असा शब्द आणि पुढे रक्कम. बँकेत किती शिल्लक आहे ते बघूनच मी समन्वयक बाईंना फोन केला, भरायचे कधी विचारायला. त्या म्हणाल्या, “तुम्ही नाही, आम्ही तुम्हाला द्यायचेत.”

नंतर त्यांनीच समजावलं. कॅनडात १९६८ साली चित्रकारांनी ‘कारफॅक’ नावाची संघटना काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं: गॅलरी वीजवाल्याला पैसे देते, पहारेकऱ्याला देते, मग ज्याचं काम भिंतीवर आहे त्याला का नाही? वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, कॉपीराइट कायद्यात प्रदर्शनाचा हक्क आला. ७ जून १९८८ नंतर केलेली कलाकृती विक्रीसाठी नव्हे तर नुसती जाहीर दाखवायला लावली, तरी त्या दाखवण्यावर हक्क कलाकाराचा. किमान फीचं पत्रक कारफॅक दर वर्षी काढते आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सेंटरांना ते पाळावं लागतं. रक्कम फार नव्हती. फ्रेमा आणि दोन महिन्यांचा बसपास सुटला. सांगलीच्या आमच्या सरांना कळवलं तर उलट एकच ओळ आली, “चेक वटला का?”

करारातला विम्याचा रकाना सगळ्यात छळवादी. प्रत्येक कागदाची किंमत लिहा. विकायचंच नाही तर किंमत कसली? मी शून्य लिहिलं. बाई म्हणाल्या, “मग जळले तर शून्य मिळतील.” तासभर विचार करून भीतभीत आकडे घातले.

खरी लढाई टांगताना झाली. इथे चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, सरासरी माणसाच्या नजरेला. टांगणाऱ्या पोराने त्याच हिशेबाने पेन्सिलीच्या खुणा करून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, नाही, रेघ सात फूट दोन इंचांवरच हवी. तो म्हणाला, मान वर करून कोण बघणार? आणि व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाला काय दिसणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं: आम्ही पाण्याकडे तसंच बघत होतो. दुसऱ्याचं नव्हतं. अर्धा दिवस खुणा करण्यात, पुसण्यात आणि माझं आडमुठेपण सांभाळण्यात गेला. शेवटी तेरा कागद वर गेले. चौदावा, तो जुन्या खिळ्याचा, काचेशिवाय खाली एका टेबलावर ठेवला, बोटाने चाचपता येईल असा. ही कल्पना त्या पोराची. मला ती सुचली नसती, आणि लोक सगळ्यात जास्त तिथेच थांबले.

उद्घाटनाला मराठी मंडळातल्या एक काकू डबाभर चकल्या घेऊन आल्या. त्यांनी कागद बघितले आणि विचारलं, “ही सांगली का?” त्यांचं माहेर मिरजेचं. बाकी संध्याकाळ त्या सगळ्यांना सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी कशी मोजतात ते सांगत होत्या, मला बोलायला जागाच उरली नाही.

पाच आठवड्यांनी उतरवलं. प्रत्येक कागद आला तसाच आहे ना, हे तो आला तेव्हा त्याची अवस्था लिहून ठेवलेल्या रिपोर्टशी ताडून बघितलं. टेबलावरच्या कागदाचा खिळा बोटं लागून लागून जवळजवळ पुसला गेला होता. रिपोर्टमध्ये काय लिहू, असं त्या पोराने विचारलं. मी म्हटलं, लिही, वापरलेला. मग भोकं बुजवली, घासली, दोन हात पांढरा रंग दिला. तो वाळायच्या आत पुढची चित्रकार खोकी घेऊन दारात उभी. तिला भिंतीत लाकडी आधार कुठे कुठे आहे ते हवं होतं. मी भिंतीवर टकटक करत दाखवत गेले.